मदनसिंगचं पाव तिकीट

केनवडच्या गोविंदाला गोविंदा म्हणून हाक मारणारं माणूस गेल्या बावीस वर्षांत उरलं नव्हतं. त्याला सगळे साथीदार म्हणत. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा 'श्री. मदनसिंग व साथीदार' असंच यायचं. एका पुढाऱ्यानं तर भरसभेत 'मदनसिंग आणि त्यांचे सर्व साथीदार' म्हणून दोन्ही हात उंचावले, तेव्हा सर्व साथीदार मिळून एकटा गोविंदाच उठून उभा राहिला, आणि त्यानं सगळ्यांच्या वतीनं नमस्कार केला.

हे नाव त्याला एका कार्डानं दिलं होतं. शेजारच्या मदनसिंगचे डोळे काचबिंदूनं गेले आणि त्याला शंभर टक्के अंध असल्याचं कार्ड मिळालं. त्या कार्डावर एसटीच्या लाल गाडीत मदनसिंगला पाव तिकीट, आणि त्याला धरून नेणाऱ्याला हाफ. धरून नेणाऱ्याला कार्डाच्या भाषेत साथीदार म्हणतात. मदनसिंगची बायको आधीच गेलेली, मुलगा बबलू वर्षातले सहा महिने ऊसतोडीवर. पहिल्या बाजाराला गोविंदानं मदनसिंगचा हात धरला, तो धरलाच. कार्ड गोविंदाच्याच खिशात असायचं. मदनसिंग म्हणायचा, "माह्यापाशी ठेवलं तं हारपल कुठी. मले का दिसते?"

मालेगावच्या बाजारात मदनसिंगचा मोठा वट होता. बकरीचं ओरडणं ऐकून ती दुधाला किती, हे तो सांगायचा. लोक लांबून बकऱ्या घेऊन यायचे आणि त्याच्या कानाशी नेऊन ओरडायला लावायचे. एकदा त्यानं एका बोकडालाही दोन वक्ताचं सव्वा लिटर दूध सांगितलं. पण त्याच्या शब्दाचं वजन असं, की घेणारा तो बोकड घेऊन गेला आणि महिनाभर भांडं घेऊन बसला म्हणतात.

गाडीत मात्र काम गोविंदाचं. मदनसिंग खिडकीशी बसायचा आणि विचारायचा, "काय दिसून राह्यलं?"

"नाल्यात म्हशी बसल्या."

"किती?"

"सात."

"मागच्या बाजाराले आठ होत्या ना बे! नीट मोज."

गोविंदा पुन्हा मोजायचा. आठवी पाण्यात नाकापर्यंत बुडालेली असायची.

दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं, आणि एका सकाळी मदनसिंग गोविंदाच्या घरचा चहा पिऊन, कपबशी जागच्या जागी ठेवून गेला. कोणाला तोशीस नाही. बबलू आला, तेरवी झाली. निराधारचा पगार बबलूनं तहसिलात मृत्यूचा दाखला देऊन बंद करून आणला, रेशनकार्डातलं नाव कमी केलं. मेलेल्या माणसाचं काय काय बंद करायचं, त्याचा अर्ज असतो. त्याला सांभाळणाऱ्याचं काय बंद करायचं, त्याचा नव्हता. कार्ड गोविंदाच्या खिशातच राहिलं. बबलूला आठवलं नाही आणि गोविंदानं आठवून दिलं नाही.

आणखी एक गोष्ट गोविंदानं केली नाही. मदनसिंग मेला, हे शब्द त्यानं तोंडातून काढले नाहीत. कोणी विचारलं की तो नुसता हात वर करायचा. दोन-चार जणांना वाटलं मदनसिंग माडीवर झोपला असेल.

अशा वीस-बावीस दिवसांनी त्याची सून रूपाली म्हणाली, "मामाजी, घरात बसून भिंतीकडं काय पाहून राह्यले? बाजार करून आणा. तिखट-मीठ संपलं."

गोविंदा निघाला. गाडी आली तीच मुळात भरून. चोपन्न माणसांच्या गाडीत शंभरच्या वर माणसं, दोन बकऱ्या, आणि एक कोंबडा, तोही बिनतिकिटाचा. पुढची अपंगांची शीट मात्र रिकामी. त्या गाडीचे लोक दाटीवाटीनं एकमेकांच्या पायावर उभे राहतील, पण ती शीट बाजाराच्या दिवशी मदनसिंगची, हे ठरलेलं. गोविंदा जाऊन बसला, खिडकीशी नाही, अलीकडं. त्याच्या नेहमीच्या जागी.

कंडक्टर सुकेशनी. महिनाभर तिला दुसऱ्या मार्गावर टाकलं होतं, ती आजच परतली होती. ती मागच्या दारात अडकलेली. गर्दीत तिच्यापर्यंत जायची सोय नसली की तिकीट कसं काढायचं, हे ठरून गेलं होतं. गोविंदानं कार्ड डोक्यावर धरलं आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "एक अपंग, एक साथीदार, मालेगाव!"

"आले का काका!" सुकेशनी मागून ओरडली. मशीन किरकिरलं. पैसे हातोहात मागं गेले, तिकिटं हातोहात पुढं आली. दोन.

ती हातात पडल्यावर गोविंदाला कळलं आपण काय बोललो ते.

सांगावं म्हणून त्यानं मान वळवली, तर मधे माणसांची भिंत. पुढच्या फाट्यावर सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं. फाटा आला आणि गेला. खरं असं, की ती दोन तिकिटं एकाखाली एक धरून बसायला त्याला बरं वाटत होतं. कोणीतरी विचारलं, "साथीदार, खिडकीशी बसू का?" तर तो म्हणाला, "थांब थोडा."

आणि नेमकी रस्त्यात जीप आडवी झाली. चेकिंग!

दोन साहेब चढले आणि गाडी पुन्हा सावकाश निघाली. त्यातला मुख्य तरणाच होता. छातीवर ऋषिकेश अशी पट्टी आणि इस्त्रीची घडी अशी कडक, की गर्दीनंही तिला वाट दिली. सुकेशनीचा चेहरा उतरला. तिच्यावर आधीच एक रिपोर्ट होता, तोही दुसऱ्याच्या चुकीचा. दुसरा झाला की घरी बसावं लागणार, हे तिनं मागंच मदनसिंगला सांगितलं होतं. ते ऐकून मदनसिंग म्हणाला होता, "पोरी, तुह्या गाडीत आमी दोघं हाओत तोवर तुले काही होत नाही."

साहेबानं मशीनमधली यादी पाहिली आणि पुढं आला. "अपंग एक, साथीदार एक. साथीदार कोण?"

"मी."

"आणि अपंग?"

गोविंदानं खिडकीच्या शिटाकडं पाहिलं. साहेबानंही पाहिलं. मागून सुकेशनीनंही पाहिलं आणि तिचा हात मशीनवरच थांबला.

गोविंदानं हात वर केला. पण साहेब केनवडचा नव्हता, त्याला त्या हाताचा अर्थ लागेना. तो छताकडं पाहू लागला. "टपावर बसलाय?"

आता गाडीतल्या लोकांनी काय केलं ते ऐका. अर्ध्या लोकांना मदनसिंग गेल्याचं माहीत होतं, अर्ध्यांना नव्हतं, पण सुकेशनी अडकली हे सगळ्यांना कळलं. ललिताबाई वांग्याच्या पाटीमागून बोलली, "आत्ताच उतरला साहेब. लघवीले गेला."

"चालत्या गाडीतून?"

"गाडी कुठी चालते बाप्पा, रांगून राह्यली. उतरून, करून, पानतंबाखू खाऊन मानूस परत चढते."

"मी बी पाह्यलं," मंजू नावाची पोरगी म्हणाली. "काठी घेऊन गेला."

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या," मंजू म्हणाली.

"उजव्या," ललिताबाई म्हणाली.

"मधात गेला," कोणीतरी मिटवून टाकलं.

साहेब वळणार, तेवढ्यात रिठदच्या नानाजीनं कळस केला. बाजारातून घेतलेला काळा चष्मा त्याच्या डोळ्यावर होताच. तो उठला, लोकांच्या खांद्यांना चाचपत पुढं आला आणि खिडकीच्या शिटावर धपकन बसला. "मीच तो. मदनसिंग. दिसत नाही ना बाप्पा, चुकून मांगं जाऊन बसलो."

सगळी गाडी माना उंचावून पाहू लागली. कोंबडाही. साहेबानं नानाजीच्या तोंडासमोर हात धरला. "बाबा, तुम्हाला काहीच दिसत नाही?"

"काळाकुट्ट अंधार."

"ही बोटं किती?"

"तीन," नानाजी म्हणाला, आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

गाडी अशी हसली, की ड्रायव्हरनं टायर फुटला समजून पाय ब्रेकवर ठेवला. साहेबाच्याही ओठाचा एक कोपरा हलला, पण त्यानं तो जागेवर आणला आणि पेन काढलं. "कंडक्टर, इकडे या. तुमचा बिल्ला नंबर सांगा."

गोविंदा उठून उभा राहिला. दांड्याला धरलं.

"साहेब, तिचं नका लिहू," तो म्हणाला. "मी बोललो तसं तिनं फाडलं. मदनसिंग मेला."

शब्द निघाले. त्याला वाटलं होतं काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. उलट मागचे शब्द आपोआप येऊ लागले.

"बावीस रोज झाले. तिले ठाऊक नोयतं, ती नोयती या गाडीवर. मले ठाऊक होतं, पन तोंडातून नेहमीचंच निंगालं. अन् लोकाईवर नका जाऊ, ते माह्यासाठी खोटं बोलून राह्यले. चांगले लोक हाय, पन खोटं बोलता येत नाही त्याईले."

"बरोबर हाय," नानाजी चष्मा काढत म्हणाला.

साहेबानं पेन तसंच धरून विचारलं, "बाबा, ज्याच्यामुळे सवलत, तोच गेला तर साथीदाराची सवलत राहत नाही. माहीत आहे ना?"

"माहीत हाय. हे घ्या कार्ड." गोविंदानं ते खिशातून काढलं. कोपरे घासून गोल झालेले. "लोक म्हनत, बिचाऱ्या आंधळ्याले धरून नेते. साहेब, उलटं होतं. त्याले सांगा लागे म्हनून मी पाहो. नाही तं या रस्त्यात काय हाय, हे मले तरी कोनाले ठाऊक? तूर कवा फुलली, कोनाच्या घरावर नवी टिनं आली. तो नसता तं मी बी आंधळाच गेलो असतो. हाफ तिकीट तं त्याच्या वरतं भेटलं. घ्या, तुमचा दंड बी घ्या."

ललिताबाई वांग्यांत तोंड घालून रडू लागली. साहेबानं कार्ड घेतलं, घसा साफ केला आणि कडक आवाजात म्हणाला, "आधारकार्ड दाखवा. नाव-पत्ता लिहावा लागेल."

गोविंदानं दाखवलं. साहेब वाचू लागला आणि थांबला. "बाबा, तुमचं वय सहासष्ट आहे."

"नाही जी. चौसष्ट. मदनसिंग माह्याऊन एक वर्षानं मोठा."

"इथं तर तुम्ही सहासष्ट."

गोविंदाला आठवलं आणि त्यानं कपाळावर हात मारला. आधारच्या कॅम्पात बाईनं वय विचारलं, तेव्हा हा आठवत उभा, आणि मागून मदनसिंग ओरडला होता, "लिव्हा बाई, माह्याऊन एक वर्षानं मोठा हाय थो! मी लहान हाओ!" दोघांत मोठा कोण, हे भांडण लहानपणापासूनचं, दोघांच्या आया असेपर्यंत त्यांनाही ते सुटलं नव्हतं. सरकारदरबारी मदनसिंग जिंकला होता.

"पासष्टच्या वर हाफ तिकीट आपोआप असतं," साहेब म्हणाला. "दीड वर्षापासून तुम्हाला तुमचंच हाफ आहे. साथीदाराची गरजच नव्हती."

"म्हनजे मेलं माह्यं..." गोविंदानं आधारकार्डाकडं बोट केलं. "जाता जाता बी मले मोठा करून गेला लेकाचा!"

आता साहेबाची अडचण झाली. तो दुसऱ्या साहेबाला बाजूला घेऊन हळू बोलत होता, पण त्या गर्दीत बाजू अशी नव्हतीच, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. या बुढ्यानं हाफ दिलं आणि त्याला हाफच लागत होतं. नुकसान नाही. मेलेल्याचं पाव तिकीट फाडलं, म्हणजे जो गाडीत बसलाच नाही त्याचे पैसे जास्तीचे आले. वसुली करायची तर कोणाकडून कोणाला? आणि रिपोर्टात काय लिहायचं, मयत इसम तिकीट काढून प्रवास करताना आढळला?

"लिव्हा ना," ललिताबाई डोळे पुसत म्हणाली. "बिनतिकीट तं नोयता आढळला!"

साहेबानं पेनाला टोपण लावलं. कार्ड मात्र त्यानं ठेवून घेतलं आणि ते बंद करण्यासाठी घेतल्याचं एका कागदावर लिहून, सही करून गोविंदाला दिलं. सुकेशनीला म्हणाला, "यापुढं माणूस पाहून तिकीट." उतरताना नानाजीकडं बोट दाखवून म्हणाला, "आणि ह्यांचं तिकीट पाहा." नानाजीचं खरंच नव्हतं. ते त्यानं तिथंच काढलं, पूर्ण पैसे देऊन.

गोविंदा पुन्हा शिटावर बसला तेव्हा त्यानं स्वतःहून खिडकीकडं पाहिलं. नानाजीच्या खांद्यावरून तूर पिवळी दिसत होती.

मालेगावला सगळे उतरले. सुकेशनी तिकिटाची पेटी काखेत धरून खालीच उभी होती. गोविंदा उतरताच तिनं त्याचा शर्ट धरला. "काका, मले फोन करून सांगाचं नाही काय? महिनाभर मी दुसऱ्या गाडीवर, अन् मनात म्हनो, केनवडच्या गाडीत माह्ये दोन म्हतारे हाय. असं कसं झालं? काय झालं त्याईले?"

कोणी असं विचारलंच नव्हतं, किंवा विचारलं तेव्हा त्यानं नुसता हात वर केला होता. आता तो सांगू लागला. चहा कसा मागितला, साखर कमी म्हणून रूपालीला कसा बोलला, कपबशी चाचपून जागेवर कशी ठेवली, इथपासून. ललिताबाईनं पाटी खाली ठेवली. नानाजी थांबला. ड्रायव्हर इंजिन बंद करून उतरला. जे उतरणारे होते ते उतरत नव्हते आणि जे चढणारे होते ते चढत नव्हते. गोविंदानं त्या बोकडाच्या दुधाचंही सांगितलं, आणि लोक हसता हसता नाक पुसत राहिले.

"लय दिलं त्यानं मले," गोविंदा शेवटी म्हणाला, आणि पिशवी झटकून तिखट-मीठ घ्यायला निघाला.

गाडी परत सुटायला अकरा मिनिटं उशीर झाला. स्टँडच्या खिडकीतल्या बाबूनं कारण विचारलं. सुकेशनीनं नोंदीच्या कागदावर लिहिलं: प्रवासी उतरायला वेळ लागला.