लाडाची हाक

"बिल्ला कुठं गेला हिच्या कानातला?"

"तुटला, मामा. काटवनात कान आडाकला तिचा."

रंगनाथने म्हशीचा फाटका कान चाचपला आणि मग तिला घेऊन आलेल्या अंगदच्या तोंडाकडे रोखून पाहिले. तिसगावला जनावरांच्या दवाखान्यात शिपाई म्हणून त्याची सव्वीस वर्षे गेली होती. विक्रीच्या दाखल्यासाठी आलेला प्रत्येक जण त्याला आधी चोरच वाटे. कारणही तसेच होते. त्याने स्वतः हौसेने बाजारातून आणलेली गाय चोरीची निघाली होती. मूळ मालकाने दारात उभे राहून 'चंद्री' अशी हाक मारली आणि ती दावे तोडून त्याच्याकडे धावली. सगळ्या आळीने ते पाहिले. तेव्हापासून रंगनाथ कागद नंतर बघायचा, आधी जनावराचे घरचे नाव विचारायचा. त्याने मान हलवल्याशिवाय डॉक्टरही सही करत नसत.

"घरी काय म्हनता हिला?"

अंगद दाव्याशी चाळा करत राहिला.

"अहो, रानी, बाळी, कायतरी म्हनतच आसाल की!"

"म्हस म्हनतो."

"दोनदा याली म्हनता तुमच्या गोठ्यात, आन् नाव न्हाई?" रंगनाथची खात्रीच पटली, इथे पाणी मुरतेय. "थांबा जरा. पोलीस पाटलाला फोन लावतो."

त्याने फोन काढला तसा अंगदचा चेहरा उतरला.

"नाव हाय," तो खाली बघत म्हणाला. "बायकोनं ठिवलंय. धार काढताना बोलायची हिच्याशी. आमी लई हसायचो. संक्रांतीला ती गेली. तवापासून ही कुनाला कासंला हात लावू दीना. म्हनून इकायची."

"मग मारा की हाक."

"मला न्हाई जमायचं, मामा."

"मारा म्हनतो ना!"

अंगदने घसा खाकरला, आजूबाजूला पाहिले. आणि तो आडदांड, मिशाळ गडी अगदी बारीक आवाजात म्हणाला, "छबुकडे... ये गं, छबुकडे."

एरवी रंगनाथ पोट धरून हसला असता. म्हशीने झटकन मान वर केली, कान टवकारले आणि ती रेकली. पण अंगदकडे तिने पाहिलेच नाही. त्याच्या पाठीमागे, फाटकाच्या वाटेकडे ती बघत होती.

रंगनाथनेही नकळत वळून पाहिले. वाटेवर कुणी नव्हते. त्याला स्वतःची लाज वाटली. फोन खिशात ठेवून त्याने आत बसलेल्या डॉक्टरांकडे बघत मान हलवली.

सही झाली, शिक्का बसला. अंगदने कागद घडी करून खिशात घातला आणि दावे ओढले. म्हैस जागची हलली नाही. ती अजून तिकडेच बघत होती.