तीन सुया सोसलेला गुडघा

मित्रांनो, हसायचं नाही हं. मी एक गुडघा आहे. उजवा, जुना आणि आता फार थकलेला. माणसं एकमेकांना ‘तुझी अक्कल गुडघ्यात’ म्हणून चिडवतात. अहो, ती खरंच माझ्यात असती तर माझे असे हाल झाले असते का?

माझे मालक भिकनराव. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांची सगळी नोकरी झाली. बॉयलरच्या लोखंडी जिन्यांवरून दिवसभर वरखाली, वरखाली. मी तेव्हा तरणाबांड होतो, कुरकुर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. “भिकन जिना चढत नाही, पळतो,” असं सगळे म्हणायचे. कौतुक त्यांचं व्हायचं आणि फुगायचो मी.

त्याहून मोठा मान बुद्धपौर्णिमेला मिळायचा. भिकनराव पाण्याचा जार खांद्यावर घेऊन त्रिरश्मी लेणीच्या पायऱ्या चढायचे आणि वर आलेल्यांची तहान भागवायचे. त्यांची बायको सुलाबाई पेले घेऊन मागून हळूहळू यायच्या. “आली बघा आमची गोगलगाय!” असं म्हणून भिकनराव हसायचे. मग लेणीत ते मला जमिनीवर टेकवून वंदन करायचे. तो गार दगड मला अजून आठवतो.

नोकरी संपली, ते इंदिरानगरला राहायला आले. तोवर माझ्या हाडांमधली मऊ गादी झिजून गेली होती. उठता-बसता मी कटकट वाजायचो. विहारात भिकनराव मागच्या खुर्चीवर बसू लागले आणि त्याची त्यांना लाज वाटायची. एकदा ते म्हणाले, “सुला, एकदा तरी लेणीवर पाणी न्यायचंय मला. मग गुडघा गेला तरी चालंल.” गेला तरी चालेल! इतकी वर्षं राबलो, त्याचं हे फळ. मला फार वाईट वाटलं.

गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी मला पहिली सुई दिली, स्टेरॉइडची. काय सांगू! दोन-चार दिवसांत ठणका गप्प झाला. “काका, हा आराम थोड्या आठवड्यांचा. मांडीचे व्यायाम करा, ओझं उचलू नका,” असं त्यांनी बजावलं होतं. पण पौर्णिमा तोंडावर आली होती. दुखत नाही म्हणजे बरा झाला, असं भिकनरावांनी ठरवूनच टाकलं. भरलेला जार खांद्यावर घेऊन निघाले. निम्म्या पायऱ्यांवर मी हात टेकले. जार गडगडत गेला आणि लोकांनी त्यांना धरून खाली आणलं.

नंतरची सुई जेलची, सांध्यात वंगण घालावं तशी. तिनं सावकाश थोडं बरं वाटलं, पण ‘वा!’ म्हणावं असं काही नाही. तिसरी त्यांच्याच रक्ताची. दंडातून रक्त काढलं, यंत्रात फिरवलं आणि त्यातला कामाचा भाग मला टोचला. दोन दिवस मी सुजून बोंबललो, मग काही महिने बरे गेले.

“मॅडम, यातली भारी कोणती?” भिकनरावांनी विचारलं.

“पहिली लवकर धावून येते, लवकर निघून जाते. बाकी दोन्हींचा कुणाला गुण येतो, कुणाला नाही. आणि झिजलेलं परत कुठलीच आणत नाही, काका.”

घरात मग रोज माझीच चर्चा. मुलगी चैताली फोनवर आधी मलाच विचारायची. सुलाबाई फरशीवर बसून मला तेल चोळायच्या आणि पलंगाला धरून उठायच्या. त्या उठताना कटकट ऐकू यायची. ती माझी नसायची.

यंदाच्या पौर्णिमेला भिकनराव पायऱ्यांपाशी आले. वर पाहिलं. माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बस्स. आता नाय.” पायथ्याला सावलीत खुर्ची टाकून ते चढणाऱ्यांना पाणी देऊ लागले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“सुला, तू तरी जा वर. माझ्या वाटचं वंदन कर.”

सुलाबाई जागच्या हलल्या नाहीत. “मला कुठं चढवतंय?”

“का? काय झालं?”

“गुडघे. दोन्ही.”

“कधीपासनं?”

“तुमच्या आधीपासनं,” पेले पुसता पुसता त्या म्हणाल्या. “म्हणून तर मागं राहायची मी.”

भिकनरावांच्या हातातला पेला भरून वाहायला लागला तरी त्यांना कळेना. “अगं, मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही इचारलं कधी?”

मित्रांनो, मला जपा. दुखणं थांबलं म्हणून लगेच ओझं लादू नका. आणि तुमच्या घरात खाली बसून कुणी दुसऱ्याचे पाय चोळत असेल, तर त्याच्याही गुडघ्यांची चौकशी करा.

खुर्ची एकच होती. भिकनराव उठले, सुलाबाईंना हाताला धरून तिच्यावर बसवलं आणि स्वतः उभ्यानं पाणी वाटू लागले. ऊन उतरेपर्यंत त्यांचा भार माझ्यावर होता. मी ठणकत होतो, पण त्या दिवशी कुरकुरलो नाही.