पंचविसावा स्विच

करुणा खरातच्या यादीत एक स्विच जास्त निघाला, तेव्हा तिच्या प्रशिक्षणाचा तिसरा आठवडा चालू होता.

करुणा चौतीस वर्षांची. टीव्ही सेंटरजवळच्या एका कॉलेजचं नेटवर्क तिनं नऊ वर्षं एकटीनं सांभाळलं होतं. तिथं साठ स्विच होते. स्विच म्हणजे संगणकांच्या तारा ज्यात येऊन जोडल्या जातात ती खोकी. एखादी सेटिंग बदलायची म्हटलं की साठही खोक्यांशी एकेक करून जोडून घ्यायचं आणि तेच तेच टाइप करत बसायचं. चाळिसाव्याला बोट चुकलं की अख्खी लायब्ररी ठप्प. अशात शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका नव्या डेटा सेंटरनं सहा आठवड्यांचा वर्ग काढल्याचं तिच्या कानावर आलं. एकच प्रोग्राम लिहून शेकडो स्विच एका दमात कामाला लावायचे, असं तिथं शिकवत होते. हे होतं तरी कसं, या विचारानं तिला चैन पडेना. तिनं रजा टाकली, आठ दिवसांनी येणाऱ्या नळाचं पाणी भरायचं काम आईच्या गळ्यात घातलं आणि जालना रोडची बस धरली.

दोन हजार चोवीसचा उन्हाळा होता. जायकवाडी धरण तळाला गेलं होतं. शेंद्र्याकडं मात्र दर महिन्याला एक नवी शेड उभी राहत होती, आणि रस्त्यावर सिमेंटच्या गाड्यांच्या मागं पाण्याचे टँकर धावत होते.

शिकवायला रामप्रसाद सर होते, मूळचे पाचोडचे. बोलणं कमी, पण प्रश्न असा टाकायचे की जेवणाच्या सुट्टीतही तो डोक्यातून जाऊ नये. त्या दिवशी त्यांनी इमारतीच्या नेटवर्कचा नकाशा भिंतीवर लावला.

"यात चोवीस स्विच दाखवलेत. आहेत का चोवीस, ते तुमच्या प्रोग्रामला शोधू द्या. एका स्विचला विचारायचं, तुझे शेजारी कोण. मग त्या शेजाऱ्यांना त्यांचे शेजारी विचारायचे."

करुणाचा प्रोग्राम अकरा सेकंद चालला. पडद्यावर पंचवीस नावं आली. चोवीस नावं आकड्यांची आणि अक्षरांची. पंचविसावं होतं दगडाबाई.

वर्ग खदाखदा हसला. शेजारच्या बाकावरचा भारत म्हणाला, "मॅडम, तुमच्या प्रोग्रामनं गावाकडनं कुणाला पकडून आणलंय?"

तिनं पुन्हा चालवला. पुन्हा दगडाबाई. बाकी कुणाच्याच यादीत ते नाव नव्हतं. सरांनी सगळ्यांचे प्रोग्राम पाहिले तेव्हा कारण कळलं. बाकीच्यांनी नकाशातली चोवीस नावं आधीच भरून टाकली होती आणि प्रोग्रामनं तेवढ्यांनाच विचारलं होतं. करुणानं फक्त पहिलं नाव दिलं होतं.

"ही दगडाबाई किती दिवस चालू आहे?" सरांनी विचारलं.

करुणानं स्विचलाच विचारलं. "दोनशे साठ दिवस. एकदाही बंद पडलेली नाही."

"तिची तार जोडलेला पोर्ट बंद करून टाका ना," भारत म्हणाला. "ज्याची असंल तो येईल बोंबलत."

"आणि बोंबलायला कुणी नसलं तर?" करुणा म्हणाली. ती उठली. "आधी बघून येते, सर."

दगडाबाईची तार सातव्या स्विचला येत होती. करुणानं जमिनीची फरशी उचलली, बॅटरी लावली आणि त्या स्विचमधून निघालेली एक निळी तार धरली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. तार फरशीखालून भिंतीपर्यंत गेली, भिंतीतून मागच्या व्हरांड्यात निघाली आणि तिथून उन्हात, पत्र्याच्या पंपघरात शिरली. करुणा तिच्यामागं गेली.

पंपघरात पंप चालवणारा रामकिसन होता, करमाडचा. करुणानं स्विचचं नाव सांगितल्यावर तो दिलखुलास हसला. "व्हय, ही बघा." भिंतीवर प्लास्टिकच्या डब्यात हिरवे दिवे लुकलुकत होते.

"नाव कुणी ठेवलं, काका?"

"म्याच. आतली मशिनं थंड ठेवायला पाणी लागतंय. गेल्या साली पावसानं दडी मारली, टँकर सुरू झाले. टाकीत पाणी किती हाय ते बघायला आमची कामावरची दगडाबाई तासातासाला शिडी चढायची. एकदा उन्हानं गरगरली बिचारी. मग ठेकेदाराच्या इंजिनिअरनं टाकीत पाणी मोजणारं नळकांडं सोडलं. आता त्याचा आकडा ह्या खोक्यातनं आत पडद्यावर दिसतोय. खोक्याला नाव काय द्यावं म्हणला, तर म्या म्हणलं, जिचं काम हे करतंय तिचंच द्या. पुढं त्याचं काम संपलं, तो गेला."

नकाशा मात्र तसाच राहिला होता. करुणानं वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात दारातून आवाज आला. "पर त्यो आकडा खोटा हाय."

पन्नाशीची, पदर खोचलेली बाई, हातात लांब काठी. हीच दगडाबाई.

"खोटा कसा, मावशी?"

"मी आजबी रोज सकाळी एकदा चढते. काठी घालून बघते. काठी वीतभर कमी सांगती. ह्या लोकांना सांगितलं, तर म्हणतात मशीन चुकत नसतंय."

रामकिसन दुसरीकडं बघायला लागला.

"आन मला येक सांग," दगडाबाई करुणाला म्हणाली, "ही तार तुटली तर आत कुणाला कळंल?"

 करुणानं वर्गात येऊन तोच प्रश्न सरांपुढं ठेवला. सरांनी खुर्ची पुढं ओढली. "मलाही माहीत नाही. बघू या."

दुसऱ्या दिवशी डेटा सेंटरच्या साहेबांची परवानगी काढून, पंप चालवणाऱ्यांना आधी सांगून, त्यांनी मुद्दाम तार काढली. अख्खा वर्ग कंट्रोल रूमच्या पडद्यासमोर उभा राहिला. पाण्याचा आकडा जागचा हलला नाही. दोन मीटर दहा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, तरी दोन मीटर दहाच. शेवटचा आलेला आकडा पडदा तसाच दाखवत बसला होता.

"काल पोर्ट बंद केला असता तर कुणीच बोंबललं नसतं," भारत हळूच म्हणाला.

तार परत लावली. दुपारी भारत आणि करुणानं मिळून छोटा प्रोग्राम लिहिला. दर मिनिटाला तो दगडाबाईला हाक मारायचा, आणि दोनदा ओ आली नाही की रामकिसनच्या फोनवर निरोप धाडायचा. पुन्हा तार काढून पाहिली, तर तिसऱ्या मिनिटाला पंपघरातून रामकिसन धावत आला. "मॅडम, माझा फोन बोंबलतोय!"

तरी ती वीतभर तफावत करुणाला स्वस्थ बसू देईना. प्रोग्रामला विचारून उपयोग नव्हता. त्याला जे कळत होतं ते तो सांगतच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्या बसनं आली आणि दगडाबाईच्या मागोमाग शिडी चढली.  झाकण सरकवून दगडाबाईनं काठी सोडली, ओली खूण दाखवली. येताना पडद्यावर पाहिलेल्या आकड्यापेक्षा चांगली वीतभर खाली.

करुणानं बॅटरी आत मारली. नळकांड्यात एक गोळा पाण्यावर तरंगायचा, पाण्याबरोबर खालीवर व्हायचा. टँकरच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे थर आतून चढले होते, आणि पाणी उतरलं तरी गोळा त्यांत अडकत अडकत वीतभर वरच राहत होता.

"मावशी, हे बघा, अडकलाय!"

"क्षार हायेत ते. माझ्या माठालाबी असंच धरतंय." दगडाबाईनं काठीचं टोक आत घातलं आणि दोनचार दणके दिले. खपली सुटली. गोळा डुबकन खाली गेला.

फोनवर कंट्रोल रूमला विचारून खालून रामकिसन आकडा ओरडला. "एक नव्वद!"

दगडाबाईनं काठीवरची खूण पुन्हा पाहिली. "बराबर हाय."

त्या दिवशी टँकर दुपारऐवजी सकाळीच मागवला गेला. नकाशावर पंचविसावा स्विच सरांनी स्वतःच्या हातानं रेखाटला. करुणाला मात्र वर्गात जायला अर्धा तास उशीर झाला, कारण टँकरच्या पाइपाशेजारी टाकीत उतरणाऱ्या दुसऱ्याच एका पाइपाचं तोंड तिला दिसलं होतं आणि तो येतो कुठून, हे रामकिसनलाही सांगता आलं नव्हतं. दोघी शिडी उतरल्या आणि त्या पाइपाच्या कडेकडेनं, कुंपणाच्या दिशेनं चालू लागल्या.