गरम तेलाची खूण

मित्रांनो, मी एक जुनी डिपस्टिक आहे. आपोआप गिअर बदलणाऱ्या पांढऱ्या व्हॅनमधलं गिअरचं तेल मोजणारी. लांब, सडपातळ, टोकाला दोन खुणा: एक गार तेलाची, एक गरम तेलाची. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं, मला सारखं कुणीतरी विचारणार. कसलं काय!

आमचं गाव कोरियातल्या डोंगरातलं, थंडीत मासे वाळवणारं. व्हॅन घेतली त्या दिवशी छांग-गिलकाकांनी दोऱ्यात गुंडाळलेला वाळका मासा बॉनेटखाली बांधला, गाडीला काही होऊ नये म्हणून. त्याला दर वर्षी नमस्कार. मला तीन वर्षांत एक फडका नाही.

या हिवाळ्यात तेल झिरपू लागलं. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. मला आत सगळं कळत होतं, जीव सारखा वरखाली. अशातच घाटापलीकडून फोन आला: काकांच्या लेकीला, सेरिनला, बाळ झालं. ओक-बुनकाकूंनी बाळंतिणीच्या सुपासाठी समुद्रातलं शेवाळ बांधून घेतलं.

काकांनी मला ओढलं. तेही इंजिन बंद ठेवून! तेव्हा सगळं तेल खाली उतरतं आणि मला वरपर्यंत भिजवतं.

"भरपूर आहे," काका म्हणाले. "मासा जुना झालाय. नवा बांधतो."

मित्रांनो, माझ्याच अंगावरून खोटं वाचलं गेलं. बोलता येत असतं तर ओरडलेच असते.

"घाट मासा चढणार आहे का?" काकू म्हणाल्या. "सेरिनचे बाबा, या पट्टीवर काहीतरी कोरलंय. चष्मा द्या माझा."

"इंजिनाच्या तेलासारखंच गाडी बंद ठेवून मोजायचं असतं गं ते."

"मग लिहिलंय कशाला? हे बघा. इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना."

काका गाडी फिरवून, तापवून आले. सपाट अंगणात ब्रेक दाबून सगळे गिअर एकेकदा टाकले, मग पार्किंगचा. इंजिन चालूच. मला स्वच्छ फडक्याने पुसलं, आत घातलं, पुन्हा काढलं. टोक जवळजवळ कोरडं. काकांनी तेलाचा डबा आणला.

माझ्याच नळीतून नरसाळ्याने थोडं लाल तेल ओतलं. मोजलं. पुन्हा थोडं.

"ओता की सगळं, उशीर होतोय."

"जास्त झालं की फेस येतो. तू बस गाडीत, आजीबाई."

गरम खुणेपाशी तेल आलं आणि आम्ही निघालो. घाट चढेपर्यंत मी श्वास रोखून होते. दवाखान्याच्या दारात काकू शेवाळाचं गाठोडं घेऊन आत पळाल्या. काका मात्र मागेच थांबले. इंजिन चालू ठेवून त्यांनी मला बाहेर काढलं.

गळती अजून आहे, परतीचा घाटही आहे. म्हणून सांगते मित्रांनो, आम्हाला विचारा, पण नीट विचारा. घाईने विचारलंत, तर माझ्यासारखी प्रामाणिक पट्टीसुद्धा तुम्हाला फसवेल.