अर्ध्या सामानाच्या बॅगा

काकूंनी दुकानातल्या बॅगांना नावं ठेवायचा सपाटाच लावला होता. ही जड, हिचा रंग भडक, तिच्या कड्या कुचकामी. सायकलच्या मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या बॅगा त्या. त्यात एवढं नाक मुरडण्यासारखं काय होतं? खरं सांगायचं तर काकूंना बॅग पसंत करायचीच नव्हती. बॅग नाही तर प्रवास नाही, आणि प्रवास नाही तर नवऱ्याला सोडून जाणंही नाही.

नवरा कोपऱ्यातल्या स्टुलावर धापा टाकत बसला होता. दरवर्षी दोघं सायकलींवरून लांबलांब जायची. यंदा डॉक्टरांनी त्याला जिना चढायलाही बंदी केली होती, आणि औषधांचा आता फारसा उपयोग नाही, हेही सांगून टाकलं होतं. तरी गेल्या वर्षी अर्धवट राहिलेला समुद्रापर्यंतचा रस्ता काकूंनी एकटीने पुरा करावा, हा हेका काही त्याने सोडला नव्हता. "उशाशी बसून काय माझे श्वास मोजणार आहेस?" असं तो म्हणे. काकूंना नेमकं तेच करायचं होतं.

शेवटी कंटाळून त्यांनी एक छोटी जोडी पुढे केली. "ही चालेल. माझं सगळं बसतं हिच्यात."

बॅगवाली बॅगा स्वतःच शिवायची, आणि गिऱ्हाइकाला वजनाचा अंदाज यावा म्हणून त्यात वाळूच्या पिशव्या भरून द्यायची. पिशवी हातात धरून तिने विचारलं, "आणि काकू, तंबू कशात घालणार? स्टोव्ह?"

"ते ह्यांच्याकडे असतं," काकू बोलून गेल्या.

कपडे आणि खाणं काकूंच्या सायकलवर, बाकी सगळं नवऱ्याच्या, हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की आजही काकूंनी अर्ध्याच सामानाचा विचार केला होता. त्यांना रडू फुटलं.

नवरा उठला. "मोठी जोडी काढा," तो बॅगवालीला म्हणाला. ती भरून झाल्यावर त्याने सवयीने बॅगेला हात घातला. बॅग जागची हलली नाही. तो पुन्हा वाकला तशी काकूंनी त्याला बाजूला केलं, दोन्ही बॅगा उचलून आपल्या सायकलच्या कॅरिअरला अडकवल्या आणि दुकानामागच्या मोकळ्या जागेत एक फेरी मारली. पहिल्याच वळणावर तोल गेला; कसाबसा सावरला.

"पेडल मारताना टाच लागते का बॅगेला?" नवऱ्याने विचारलं.

"नाही लागत. पण मला जायचंच नाहीये हो. मी तिकडे, आणि तुम्ही इथे एकटे..."

"मी गेल्यावर निघालीस, तर अडल्यावर विचारशील कुणाला? आता रोज संध्याकाळी फोन कर. चुकलीस तर ओरडेन. तेवढा दम आहे अजून."

काकूंना रडता रडता हसू आलं. "आणि मी येईपर्यंत थांबाल?"

त्याने खोटं बोलायचं टाळलं. "सांगता येत नाही. पण मध्येच मी फोन उचलला नाही, तर मागे फिरू नकोस. रस्ता पुरा कर."

"जाईन मी," काकू म्हणाल्या. "सगळं सामान एकटी वाहीन. पण तुम्ही फोन उचलला नाहीत, तर असेन तिथून मागे फिरेन. हे तुमचं ऐकणार नाही."

नवऱ्याने मान खाली घातली. इतके दिवस तिला जा जा म्हणणाऱ्या त्या माणसाला हेच ऐकायचं होतं.