ठाण्यातला भोंगा आणि गेटवरच्या आया

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या पोटात सेल भरले गेले, आणि जो दिवस मला तुम्हाला सांगायचा आहे तो तिथून सुरू झाला. मी पोलीस ठाण्यातला भोंगा बोलतोय. हातात धरायचा, पांढरा, तोंडाशी निमुळता आणि पुढे पसरट. मुठीवर दोन बटणं. काळं दाबलं की माणसाचा आवाज मोठा होतो. लाल दाबलं की मी नुसता केकाटतो, त्याला सायरन म्हणतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एक मुलगी दिवसभर एकेका भोंग्यात "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" म्हणायची. संध्याकाळपर्यंत तिचा घसा पार बसायचा, आणि आमचे आवाज मात्र खणखणीत निघायचे. मला ते बरं नाही वाटलं, पण सांगणार कोणाला? मग खोका, मग ट्रक, मग ठाणं.

ठाण्यात मला सांभाळायचे ते एक म्हातारे हवालदार. सगळे त्यांना मामा म्हणायचे, पकडून आणलेले चोरसुद्धा. मामांचा हात जपणुकीचा. काम झालं की सेल काढून ठेवायचे, आत गळून मला खाऊन टाकतील म्हणून. ते सेल मग कोणीतरी टॉर्चमध्ये घालायचं आणि मामा ठाणंभर शोधत फिरायचे. "कोणी घेतले ते गुपचूप टेबलावर ठेवा, मी मागे वळतो," असं म्हणून ते खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

कामं मी सगळी केली. निळी गाडी कोणाची आहे, बाजूला घ्या. लाल फ्रॉकमधली मुलगी सापडली आहे, आईने यावं. हे दुसरं काम मला फार आवडायचं. ती आई धावत यायची, आधी पोरीला एक धपाटा घालायची आणि मग उराशी धरून रडायची. सगळ्या आयांचं तेच.

एक मात्र मी पाहिलं. माझ्याशिवाय बोलताना जो माणूस "जरा बाजूला होता का" म्हणतो, तोच मी तोंडाशी आलो की "ए, हट" म्हणायला लागतो. का ते मला आजवर कळलेलं नाही.

आमच्या फौजदारबाई तशा नव्हत्या. त्या मला तोंडाला लावायच्या आधी एका शिपायाला गर्दीच्या अगदी शेवटच्या ओळीत पाठवायच्या. बाई बोलायच्या, आणि तिथे शब्द नीट पोचले तरच शिपायाने हात वर करायचा. हात वर झाला नाही तर सूचना दिली असं त्या धरायच्या नाहीत. पुन्हा सांगायच्या. बाकीचे हसायचे. "बाईंचा शाळेतला तास सुरू झाला," म्हणायचे. बाई म्हणायच्या, हसा, पण ज्याला ऐकूच गेलं नाही त्याने ऐकलं नाही म्हणून त्याला काठी कशी मारायची?

तर त्या सकाळी मला जीपमध्ये टाकून कपडे शिवायच्या एका कारखान्याच्या गेटवर नेलं. त्या कारखान्यात एक पाळणाघर होतं. दोन खोल्या, सतरंज्या, आणि पोरं बघायला एक मावशी. आया मशीनवर बसायच्या, पोरं तिथे झोपायची, दुधाच्या वेळेला आई पळत येऊन पाजून जायची. मालकाला त्या खोल्या माल ठेवायला हव्या होत्या. उद्यापासून पाळणाघर बंद, असं त्याने फळ्यावर लिहून टाकलं. आता तुम्हीच सांगा, चालायला लागलेलं पोर कुठे ठेवायचं? घरात कोंडून कुलूप लावायचं? स्टोव्ह आहे, पाण्याची बादली आहे, खिडकी आहे.  आणि काम सोडलं तर पोराला खायला काय घालायचं?

म्हणून त्या सगळ्या पोरांना घेऊन गेटबाहेर बसल्या होत्या. मालकाने बाहेर यावं आणि पाळणाघर राहील असं तोंडाने सांगावं, एवढंच मागणं. पोरांच्या डोक्यावर टोप्या होत्या. एकीने पोरावर छत्री धरली होती आणि स्वतः उन्हात होती. त्यांच्यात पुढे होती ती काजवाली, म्हणजे सदऱ्यांना काजं करणारी. वयाने लहान, अंगाने काटकुळी, तान्ही मुलगी छातीशी बांधलेली. तिने कापडावर खुणा करायच्या खडूने रस्त्याच्या मधोमध रेघ ओढली होती. बायका रेघेच्या अलीकडे, गाड्या पलीकडे. एखादं पोर रेघ ओलांडायला गेलं की चार हात त्याला मागे ओढायचे.

फौजदारबाईंना वरून हुकूम होता. माल बघायला परगावचे पाहुणे दुपारी येणार, त्याआधी रस्ता मोकळा करा. बाई उकिडव्या बसून काजवालीशी बोलल्या. "ताई, मला तुम्हाला उठवायला सांगितलंय."

"उठवा की, बाई," काजवाली म्हणाली. "पण पोरांना कुठे ठेवायचं तेही सांगा. तिथे नेऊन ठेवतो आणि कामावर जातो."

बाई उठल्या, शिपायाला मागे पाठवलं आणि मला हातात घेतलं. तेवढ्यात गेटच्या आतून जनरेटरची धडधड सुरू झाली. वीज काही गेली नव्हती. आता बायकांचं बोलणं आत जाईना आणि माझं मागे पोचेना. बाईंनी सांगितलं, पुन्हा सांगितलं. शिपायाचा हात खालीच.

एक तरणा पोलीस म्हणाला, "मॅडम, सूचना झाली ना देऊन. करू का सुरुवात?"

"हात वर झाला का?"

"नाही."

"मग झाली नाही."

मामांना बाईंची दया आली. माझा आवाज मोठा करायची एक चकती मागच्या बाजूला आहे, ती आपण फिरवून देऊ असं त्यांच्या मनात. चष्मा जीपमध्ये राहिलेला. त्यांनी मला हातात घेतलं आणि अंगठा दाबला तो लाल बटणावर.

मी केकाटलो. माझा इलाज नव्हता. बायकांना वाटलं, आता मार सुरू. सगळ्या एकदम उठल्या. पोरं किंचाळली. मागच्या पुढे आल्या, पुढच्या गेटवर आदळल्या, कोणाच्या तरी हातातलं पोर सुटलं. रेघेपलीकडून ट्रक येत होता. त्या तरण्या पोलिसाची काठी वर गेली.

"काठी खाली," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण काठी खाली आली. दुसरा पोलीस ट्रक थांबवायला धावला. बाईंनी मामांच्या हातातून मला ओढलं, तोंडाशी नेलं आणि थांबल्या. वर्दीतल्या बाईने आणखी ओरडून काय होणार, हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी मला काजवालीच्या हातात दिलं. "तुमचं ऐकतील. काळं बटण दाबा."

काजवालीने एका हाताने मुलीला सावरलं आणि बटण दाबलं.  "बायांनो, बसा. खाली बसा. ते चुकून वाजलं, कोणी मारत नाही. आपापलं पोर बघा. जिचं पोर जवळ नसेल ती एकटीच उभी राहा."

काय सांगू, सगळ्या बसल्या. एकच उभी राहिली. तिचा पोरगा सापडला मामांच्या कडेवर, त्यांची शिट्टी चोखत. मामा घामाने निथळत होते आणि पोरगा शिट्टी सोडायला तयार नव्हता.

मग बाईंचा फोन वाजला. मोठे साहेब होते. काजवालीने मला परत दिलं होतं, बाईंच्या हातात मी होतोच, म्हणून मला सगळं ऐकू आलं. आंदोलन करणाऱ्यांच्या हातात सरकारी भोंगा दिलात, तिथे अधिकार कोणाचा आहे, तुमचा की त्यांचा, असं साहेब विचारत होते.

"माझाच आहे, साहेब. म्हणून तर मी दिला," बाई म्हणाल्या. "चेंगराचेंगरी थांबली. आता बसल्यात, बसू देत. अर्धा रस्ता चालू आहे, दगड नाही की शिवी नाही. उठवायला कारण लागतं, साहेब, आणि पाहुणे येणार हे काही कारण होत नाही."

 पलीकडून, जबाबदारी तुमची, एवढं ऐकू आलं.

"हो, साहेब."

फोन ठेवला तेव्हा बाईंच्या तळव्याला घाम सुटला होता. माझी मूठ ओली झाली. त्यांनी लगेच घरी सासूबाईंना फोन लावला. "आई, बाळाचा ताप उतरला का?" सासूबाई म्हणाल्या, उतरला, खेळतोय, तू तिकडे लोकांची पोरं सांभाळ, तुझं मी बघते. बाई हसल्या. दिवसभरात तेवढंच.

मग त्या आत गेल्या. मालकाला म्हणाल्या की तुम्हाला ओढून बाहेर न्यायचा अधिकार मला नाही, पण तुम्ही आलात तर तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, तो शब्द माझा. आणि तो जनरेटर बंद करा. मालक घुटमळला. पण आत मशीनवर एकही बाई नव्हती आणि पाहुणे वाटेवर होते. जनरेटर बंद केला आणि आला बाहेर. मला तोंडाशी धरून काहीतरी पुटपुटला.

बाईंनी मागे पाहिलं. हात वर नव्हता. "मागे ऐकू गेलं नाही," त्या अदबीने म्हणाल्या. "पुन्हा सांगा."

मालकाने घसा खाकरला. "पाळणाघर बंद होणार नाही. एक खोली गोदामाला घेणार, दुसरी पोरांना राहील."

शिपायाचा हात वर झाला. दोन खोल्या मागायला बसलेल्या बायकांना एक मिळाली. त्यावर त्या आपसात बरंच भांडल्या, आणि मग काजवाली म्हणाली, आज ही घेऊ, दुसरीसाठी पुन्हा बसू. त्या कामावर गेल्या. पोरं आत गेली.

बाईंना मात्र दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांपुढे उभं राहावं लागलं. परत आल्या, पाणी प्यायल्या, काय झालं ते कोणाला सांगितलं नाही. पुढे त्यांची दुसऱ्या ठाण्याला बदली झाली. मामा निवृत्त झाले. मी पुष्कळांच्या हातांत गेलो, पण तसा हात मला पुन्हा मिळाला नाही.

आता माझं तोंड चिरलं आहे, चिकटपट्टीवर निभावतोय. काळं बटण आत रुतलंय. नवा स्पीकर जीपच्या टपावर आलाय आणि मी कपाटावर धूळ खात पडलोय. तक्रार नाही. एकच मागणं आहे. कोणाला त्रास न देता गेटवर, रस्त्याकडेला, मैदानात बसलेल्या माणसाला आपलं म्हणणं मांडायचा हक्क असतो. त्याला उठवायचं तर कारण सांगावं लागतं, आणि तेही शेवटच्या ओळीत पोर घेऊन बसलेल्या बाईला ऐकू जाईल असं. हे पुष्कळांना माहीत नाही. वर्दी घालणाऱ्यांनाही कधी कधी नसतं. तुम्ही शेजारणीला सांगा. कामावर शेजारच्या मशीनवर बसते तिला सांगा. घरात कोणी पोलिसात असेल तर त्याला जेवायला वाढताना सांगा. माझा आवाज गेलाय, म्हणून तुम्हाला म्हणतोय.