फळी रुतली तेव्हा

“तुले फळी उचल म्हनलं होतं ना! कान कुठं होते तुये?” हेमसिंग भर नावेत सुनेवर, मंजूवर खेकसला.

तो असं काही म्हणाला नव्हता. त्याला ते माहीत होतं, मंजूलाही. धरणाच्या पाण्यावर बावीस वर्षं खताच्या पोत्यांचं शीड लावून माणसं पोचवणारा हा गडी ऐन वेळी फुशारक्या मारत बसला होता. त्याची नाव चपट्या बुडाची. बाजूने वारा आला की खेकड्यासारखी आडवी सरकते, म्हणून वारा ढकलतो त्या अंगाला एक लांब फळी पाण्यात सोडायची. काठ जवळ आला की हेमसिंगने सांगायचं, मंजूने ओढायची. कुठे किती पाणी, हे त्यालाच ठाऊक. पण आज मंजूची आई चतुराबाई चार दिवसांचा पाहुणचार घेऊन परत निघाल्या होत्या. विहीणबाईंना रुबाब दाखवण्याच्या नादात फळी गाळात रुतली आणि काठापासून दहा हातांवर नाव थांबली ती थांबलीच.

सगळे गुडघाभर चिखलात उतरले. विहीणबाईंची नवी साडी पार भरली.

“काका, पुढं हिच्या हाती नाव देनार म्हनता?” उतारूंपैकी गोविंदसिंग जाता जाता म्हणाला. “मी तं बसत नाही बा.”

बाकीचे हसले. मंजू मान खाली घालून फळी मोकळी करत राहिली. हेमसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काठावर विहीणबाईंच्या पायांवर पाणी ओतता ओतता तो हळूच बोलला, “इहीनबाई, पोरीची चुकी नाही. मीच सांगतलं नाही.”

“माईत हाय मले. मी बाजूलेच बसून होती.” चतुराबाईंनी पाय मागे घेतला. “मले काहून सांगता, इवाई? ज्याईच्या समोर बोलले, त्याईले सांगा.”

मंडळी वर रस्त्यावर ऑटोत बसत होती. हेमसिंग धापा टाकत चढ चढला.

“ओ गोविंदसिंग!”

चार मुंडकी बाहेर आली. “काय काका?”

हेमसिंगने मागे वळून चढ चढणाऱ्या विहीणबाईंकडे पाहिलं.

“काई नाही. इहीनबाई येऊन राह्यल्या. जागा ठेवजा.”

चतुराबाई त्याच्या शेजारून गेल्या आणि ओल्या साडीनिशी ऑटोत बसल्या. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. खाली मंजू डब्याने नावेतलं पाणी उपसत होती. डब्याचा आवाज जरा थांबला, मग पुन्हा सुरू झाला.